रद्द झालेला कागद

श्रोतेहो, नमस्कार.

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि इकडे पुण्यात केवढी खळबळ उडाली, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय, की बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. मनाला खरी शांती लाभायला आणखी आठ वर्षं गेली. तोवर त्यांनी विधवा आणि मुलींसाठी काढलेली शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्यात आली होती, मुली शिकत होत्या, बाईंचं नाव देशोदेशी झालं होतं. उपासना होती, शास्त्राभ्यास होता, सेवा तर रात्रंदिवस चालू होती. तरी आत ओझं होतंच.

मी जन्मानं ख्रिस्ती. त्यामुळे ही कबुली मला फार मोलाची वाटते. आमच्यात अशी पुष्कळ माणसं आहेत, जी रविवारची उपासना चुकवत नाहीत, अर्पणाचं पाकीट वेळच्या वेळी देतात आणि तरीही देवाकडे आपली बाकी निघतेय या धास्तीनं जगतात. धर्म कुठलाही असो, माणसाला हिशेब ठेवायची भारी हौस. 1890 साली आपल्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, तर त्याचं प्रकरण थेट प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्यावर आज आपण हसतो. पण कुणाच्या हातचं खायचं, कुणाला सोयरीक द्यायची, याचा हिशेब मिशनच्या भिंतीच्या आतही पुरता संपला नव्हता. आमच्या लग्नाच्या बैठकीत अजूनही कुणीतरी हळूच विचारतंच, मूळ कुठले?

तर मग रमाबाईंना काय सापडलं? त्याची सुरुवात त्या इंग्लंडात असतानाच झाली होती. वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती संन्यासिनींनी, त्यांना लंडनमध्ये फुलम इथं एक संस्था दाखवली. समाजानं ‘पतित’ म्हणून वाऱ्यावर सोडलेल्या स्त्रियांना तिथं सांभाळत होते. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना दयेनं वागवावं, हे त्यांना कुठल्याच शास्त्रात आढळलं नव्हतं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा एका भगिनीनं त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय सांगितला, शोमरोनी स्त्रीचा.

हा अध्याय जरा सावकाश वाचण्यासारखा आहे. भर दुपारची वेळ. येशू चालून दमलाय, विहिरीपाशी बसलाय. एक बाई एकटीच पाण्याला येते. ती शोमरोनी, हा यहूदी, आणि यहूद्यांचा शोमरोन्यांशी व्यवहार नव्हता. तरी तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिलाच नवल वाटतं, तुम्ही माझ्याकडे कसं मागता? मग तो म्हणतो, तू मागितलं असतंस तर मी तुला जिवंत पाणी दिलं असतं. तिचे पाच नवरे झाले आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही, हा विषय निघतो त्यानंतर. म्हणजे देणं आधी, चौकशी मागाहून. त्याला तिचं सगळं ठाऊक होतं आणि ठाऊक असूनच त्यानं देऊ केलं होतं. आपल्याकडे, देवळात असो की चर्चमध्ये, क्रम बहुधा उलटा असतो.

येशूचा प्रेषित पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, की आपल्या विरुद्धचा जो कर्जाचा कागद होता, तो देवानं वधस्तंभाला खिळून रद्द करून टाकला. ख्रिस्ती माणूस ज्याला सुटका म्हणतो ती ही. भोग टळतील, पगार वाढेल, दुखणं पळेल असं वचन त्यात नाही. तशी वचनं व्यासपीठावरून देणारे असतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहावं असं माझं मत आहे.

आमच्या प्रार्थना सभेला एक मावशी येतात. चार घरचा स्वयंपाक करतात. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं, की ही आपल्याच कुठल्यातरी पापाची शिक्षा. नातेवाइकांनीही तसं सुचवायला कमी केलं नव्हतं. एका बुधवारी योहानाचा नववा अध्याय वाचला गेला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. मावशींनी वाचणाऱ्या मुलीला थांबवलं. “बाळा, ते परत वाच गं.” तिनं परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, “म्हणजे त्यानं माझ्यावर डूख धरलेला नाही.” मुलगा परत आला नाही. मावशी आजही त्याच्या वाढदिवसाला रडतात. पण आता दुःख नुसतं दुःखच आहे, त्यावर आरोपाचं ओझं नाही.

आशा म्हणतात ती इथून सुरू होत असावी. रमाबाईंचंच बघा. 1893 साली सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून वाद पेटला, सल्लागार मंडळातल्या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे दुष्काळ पडला. उपासमारीनं वणवण फिरणाऱ्या बायका-मुली बाईंनी गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेऊन ठेवलं. तिथं मुक्ती मिशन उभं राहिलं. त्यात कृपा सदनही होतं, फुलमला पाहिलं होतं तशाच स्त्रियांसाठी. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा सोप्या भाषेत. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाई तरीही काम करत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. त्यांच्या भाषांतराचं छापून झालेलं पुस्तक आलं 1924 साली.

हिशेब चुकता करायला धडपडणारं माणूस एवढ्या आघातांनंतर थकून गेलं असतं. रमाबाईंना फेडायचं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांना इतकं देता आलं, असं मला वाटतं.

हे ऐकून कुणी धर्म बदलावा म्हणून मी बोलत नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. देहू आपल्यापासून काही लांब नाही. तेव्हा पुण्याच्या माणसाला ही वाट अगदीच अनोळखी वाटायला नको. कुतूहल असेल तर योहानाचा चौथा अध्याय वाचून पाहा, बसल्या बैठकीत होतो. आणि सवड काढून केडगावला जाऊन या. दौंडकडे जाणारी पॅसेंजर तिथं थांबते.

नमस्कार.