पंख मोडेल शे का रे भाऊ?

नमस्कार मंडळी, रामराम.

उन्हाळा आता चांगलाच तापलाय, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि रात्री घरात झोपायची सोय नाही. आमचं अजून धाब्याचं घर आहे, त्यामुळे रात्री वर बाज टाकायची आणि गार वारा सुटेपर्यंत गप्पा हाणायच्या. मधेच एखादं विमान लाल दिवा लुकलुकवत वरून जातं आणि पोरं मला काहीबाही विचारत बसतात, कारण घरात विमानाचं येड मलाच. परवा मी त्यांना मोबाईलवर एक फोटो दाखवला, तर आजी बाजेवरून वाकून बघते आणि म्हणते, "याना पंख मोडेल शे का रे भाऊ?" म्हणजे आमच्या अहिराणीत, याचा पंख मोडलाय का?

आता आजीचं काही चुकलं नव्हतं, ते विमान दिसतंच तसं. त्याचं नाव एडी-१, अमेरिकेच्या नासाचं. दोन पंख नाहीतच, एकच लांब अखंड पंख पाठीवर आडवा ठेवलेला आणि बरोबर मधे खिळीवर फिरणारा. उड्डाण घेताना तो सरळ आडवा, आणि वर गेल्यावर पायलट तो फिरवायचा, पार ६० अंशापर्यंत, म्हणजे एक टोक तोंडाकडं आणि दुसरं शेपटीकडं. सीलिंग फॅन बंद केल्यावर पातं तिरपं थांबतं ना, अगदी तसं.

एवढा खटाटोप कशाला? बैलगाडी घेऊन सातपुड्याची चढण चढलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. सरळ नाकासमोर चढलात तर बैल गुडघ्यावर येतात, तोच चढ तिरपा घेतला की सोपा होतो. विमान आवाजाच्या वेगाजवळ गेलं की समोरची हवा दाबली जाते आणि पंखाला अडवते, मग पंख तिरपा केला की हवेला तो चढ मंद वाटतो. पण हळू उडताना, चढता-उतरताना सरळ पंखच बरा. दोन्ही पाहिजे असेल तर फिरवा! रॉबर्ट जोन्स नावाच्या इंजिनियरची ही कल्पना, १९४५ मधे अमेरिकेत मागं झुकलेल्या पंखाचं गणित मांडलं तोच माणूस. एडी-१ डिसेंबर १९७९ मधे पहिल्यांदा उडालं, १९८२ पर्यंत ७९ वेळा. दोन छोटी जेट इंजिनं, चाकंसुद्धा आत न जाणारी, वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे जेट म्हणायचं ते नावालाच. ४५ अंशापर्यंत ठीक चालायचं, त्यापुढं नाक वर केलं की विमान बाजूलाही कलायला बघायचं. पंख फायबरचा होता, साक्रीकडं पवनचक्क्यांची लांबच लांब पाती ट्रेलरवरून जाताना दिसतात ना, त्याच जातीचं मटेरियल, आणि या विमानात ते पुरेसं ताठ नव्हतं.

पण मला विचाराल तर खरी मजा दुसऱ्या विमानात आहे, एक्स-२९. याचे पंख मागं नाही, पुढं झुकलेले, ३३ अंश. बघताना वाटतं विमान उलटं चाललंय. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात १९४४ ला असलं एक जेट उडवलं होतं, जुंकर्स २८७, पण जास्त वेगाला पुढं झुकलेला पंख मोडायला बघतो, ही अडचण पुढं कैक वर्षं तशीच राहिली.

का मोडतो? एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये हे मान्य, पण लहानपणी काढला असेलच. पंजा सपाट धरला तर ठीक, अंगठ्याकडची कड जरा वर केली की वारा हात उचलून फेकतो. पुढं झुकलेल्या पंखाचं असंच होतं, हवेनं टोक वर वाकलं की त्याची पुढची कड पण वर पिळली जाते, मग हवा अजून उचलते, मग अजून पिळ, आणि एका वेगाला खलास. मागं झुकलेला पंख वाकला की उलट कड खाली जाते आणि जोर आपोआप कमी होतो. धातूचा पंख जाड करून ताठ करता येतो, पण मग वजन इतकं वाढतं की फायदाच संपला.

मग एक्स-२९ बनवणाऱ्या अमेरिकेच्या ग्रुमन कंपनीवाल्यांनी पंखाला कार्बनच्या धाग्यांचे थर लावले, आणि धागे कोणत्या दिशेला घालायचे ते असं ठरवलं की पंख वाकला तरी कड वर पिळू नये. आमच्या इथं बाज विणणारा माणूस सुतळी कुठून कुठं तिरपी ओढायची ते आधी ठरवतो, कारण ताण कुठं जाणार ते त्यावर असतं. धागा तोच, दिशा महत्त्वाची.

एवढ्यावर भागलं नाही. हे विमान मुद्दाम डळमळीत बनवलेलं, तळहातावर उभी काठी धरल्यासारखं. माणसाच्यानं ते सावरणं शक्यच नाही, म्हणून कॉम्प्युटर सेकंदाला ४० वेळा विमान सावरणारी हलती पाती हलवत राहायचे, एक नाही तर तीन कॉम्प्युटर, एकानं दगा दिला तरी बाकीचे आहेत. आणि पैसे वाचवायला तोंड जुन्या एफ-५ लढाऊ विमानाचं, चाकं एफ-१६ या लढाऊ विमानाची. आपल्याकडं भंगारातून असंच काहीतरी जोडून एखादा ट्रॅक्टर उभा करतात, त्यात आणि यात मला फार फरक वाटत नाही, फक्त हे जुगाड १४ डिसेंबर १९८४ ला उडालं आणि पुढच्या वर्षी आवाजाच्या वेगाच्या पलीकडं गेलं. अशी दोन विमानं बनवली, चारशेच्या वर फेऱ्या झाल्या. नाक ६७ अंश वर करूनसुद्धा दुसरं विमान हाताबाहेर गेलं नाही, हा मोठा फायदा, पण हवेचा अडथळा जेवढा कमी होईल वाटलं होतं तेवढा काही झाला नाही. रशियानं १९९७ ला सुखोई-४७ असंच पुढं झुकलेल्या पंखांचं उडवलं, एकच बनवलं, तेही तिथंच राहिलं. कार्बनचे धागे मात्र आज प्रवासी विमानांच्या पंखांत सर्रास आहेत.

एडी-१ आता कॅलिफोर्नियातल्या एका म्युझियममधे ठेवलंय. हे आजीला सांगितलं तर म्हणे, "मंग, मोडेल व्हतं म्हनीसन ठी दिन्हं!" म्हणजे मोडलेलं होतं म्हणूनच ठेवून दिलं!

चला, बातम्यांची वेळ झाली, येतो मंडळी.