जागा सोडून उभं राहा

श्रोतेहो, नमस्कार.

घरावर मोठा घाला पडून गेल्यावर मनातल्या देवाचं काय होतं, याविषयी आज बोलायचं आहे. त्यासाठी मला लांब जावं लागत नाही. आपल्या लातूर-धाराशिवकडच्या माणसाला ‘३० सप्टेंबर’ म्हटलं की पुढं साल सांगावं लागत नाही. पण रेडिओ तरुण पोरंही ऐकतात, त्यांच्यासाठी सांगतो. साल १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, गुलालाचे हातपाय धुऊन लोक निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं दुसऱ्या जागी उठवून नव्यानं वसवावी लागली.

माळवदाचं घर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकूड, त्यावर माती. गळायला लागलं की पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. आजोबांच्या थरावर वडलांचा, वडलांच्या थरावर आपला. उन्हाळ्यात गारवा देणारं ते छप्परच अंगावर आलं. माणसं मेली ती त्या वजनानं. हे मी पुन्हा सांगतो, कारण त्या दिवसांत कुणी कुणी येऊन ‘देव कोपला, गावात पाप वाढलं होतं’ असं सांगून जायचे. माणसं दगडमातीच्या वजनानं मेली. पापानं नाही मेली. पाळण्यातल्या लेकरांनी कसलं पाप केलं होतं? इतकी वर्षं झाली, तरी असं बोलणाऱ्याचा मला राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तर आता गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. तेरणेच्या खोऱ्यातलं गाव, एवढं पुरे. मी तेव्हा तरणा मास्तर होतो. भूकंपानंतर महिनाभरात त्या गावच्या पत्र्याच्या शेडमधल्या शाळेवर गेलो, आणि दीड वर्ष तिथंच राहिलो.

त्या गावात हरिपाठाची पिढ्यांपिढ्यांची रीत. रोज दिवेलागणीला मारुतीच्या देवळात बावीस टाळकरी. अकरा इकडं, अकरा तिकडं, समोरासमोर. मधे वीणा, टोकाला पखवाज. वीणा होती आबांकडं. आबा वाचले, कारण विसर्जनाचं भजन संपल्यावर घरी न जाता वीणा उशाशी घेऊन देवळाच्या पारावरच आडवे झाले. घरात बायको, दोन लेक, एक सून आणि चार वर्षांचा नातू होता. पाचही गेले.

पाऊस लागला होता. सरपण कुठून आणायचं? पडलेल्या घरांचीच दारं, तुळया, चौकटी काढून चिता रचल्या. ज्या उंबऱ्यावरून सून घरात आली, त्याच लाकडावर तिला ठेवली. आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष सुरू झाला. घराघरात पितरं झालेली, आणि पान वाढायला कुठं एक माणूस शिल्लक, कुठं तेही नाही.

आबांनी वीणा शेडच्या खांबाला टांगली आणि तिच्याकडं पाठ करून बसले. बाहेरून मदतीला आलेला एक भला माणूस त्यांना म्हणाला, “बाबा, देवाची इच्छा.” आबा म्हणाले, “चार वर्साचं लेकरू हुतं माझं. ही जर त्येची इच्छा असंल, तर मला त्येचं त्वांड बघायचं न्हाई.” मी शेजारीच होतो. हे बोलणारा माणूस चाळीस वर्षं पंढरीची वारी केलेला होता.

दिवाळी आली तशी गेली. एका शेडपुढंही पणती नव्हती.

दिवसभर निभायचं. पंचनामा, रेशन, कुणी ना कुणी येणार, जाणार. पण दिवे लागायच्या वेळेला काय व्हायचं? एखाद्या शेडमधून बाईचा हुंदका निघायचा. तो शेजारच्या शेडमध्ये जायचा, तिथून पुढच्या. पाच-दहा मिनिटांत अख्खी रांग रडत असायची. पुरुष बाहेर येऊन अंधारात नुसते उभे राहायचे. रोज. महिना, दीड महिना, रोज.

कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी आबा उठले आणि त्यांनी खांबावरची वीणा काढली. मी विचारलं, “आबा, हरिपाठ?” ते जे म्हणाले ते मी आजवर शेकडो जणांना सांगितलं असेल, आणि आज तुम्हाला सांगतो. ते म्हणाले, “गुरुजी, देव हाय का न्हाई ते मागनं बघू. आदी ह्यो वखत निभवू.”

आधी ही वेळ निभवू. श्रोतेहो, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

बावीस टाळकऱ्यांतले नऊ वाचले होते. तिघं अजून दवाखान्यात. सहा जण आले. ते सहा जण साहजिकच एकमेकांना चिकटून, घोळका करून उभे राहिले. आबांनी वीणेवरचा हात काढला. “असं न्हाई. आपापल्या जागंवर.” कुणाला कळेना. मग ते म्हणाले, “जागा सोडून उभं ऱ्हावा. ज्येची जागा त्येला ऱ्हाऊ द्या.”

जागा सोडून उभं राहा. इकडं चौघं, तिकडं दोघं. मधे कुठं दोन माणसांचं अंतर, कुठं चार. एका टोकाला एक म्हातारा एकटाच, त्याच्या समोर कुणी नाही, शेजारी कुणी नाही. हरिपाठ सुरू झाला. तुम्ही हरिपाठ ऐकला असेल, त्यात इकडून म्हटलं की तिकडून उत्तर येतं. इथं इकडून आवाज जायचा आणि तिकडून अर्धाच परत यायचा. तिसऱ्या-चौथ्या अभंगाला टाळ थांबले, पुढं कुणालाच म्हणता आलं नाही. पण त्या संध्याकाळी रांगेतला हुंदका जरा उशिरा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले. जागा सोडून. तिसऱ्या दिवशीही.

दवाखान्यातले तिघं एकेक करून आले आणि आपापल्या जागेवर उभे राहिले. बाकीच्या तेरा जागा तशाच होत्या.

पुसाच्या थंडीत एक लेकुरवाळी सून माहेराहून परत आली. बाळंतपणाला गेली होती म्हणून वाचली. मुलगी झालेली. नवरा, सासू, सासरे कुणी उरलं नव्हतं. नवरा टाळकरी होता, त्याचा टाळ देवळातल्या खुंटीवर राहिलेला. देवळाची एक बाजू उभी होती, तिकडच्याच खुंटीवर. ती रोज मुलीला मांडीवर घेऊन बायकांत बसायची. त्या गावात बायका हरिपाठाला बसायच्या, पण टाळ धरून रांगेत उभं राहायची रीत नव्हती. त्यात ही विधवा.

एका संध्याकाळी तिनं लेकरू माझ्या हातात दिलं. तिथं झोळी बांधलेली होती, मी लेकरू तिच्यात घालून हलवू लागलो. ती पदर खोचून उठली, टाळाची दोरी गळ्यात अडकवली आणि डाव्या रांगेत तिसऱ्या आणि पाचव्या माणसाच्या मधे जाऊन उभी राहिली.

दोघा जुन्या माणसांनी टाळ खाली घेतले. सगळं गप्प झालं. झोळीची दोरी कुरकुरत होती, तेवढाच आवाज. आबांनी विचारलं, “टाळ कुणाचा हाय?”

“त्यांचा.”

“आन जागा?”

“त्यांचीच हाय, आबा.”

“मंग उभी ऱ्हा.”

एवढंच झालं. वीणा वाजली, पखवाज आला, आणि तिला टाळ नीट वाजवता येत नव्हता, तो मागंपुढं होत होता, तरी समोरची माणसं तिच्या टाळाला सांभाळून घेत म्हणत राहिली. आज आपण विधवांच्या प्रथेबद्दल ठराव करतो, ते करायलाच हवेत. पण पत्र्याच्या त्या शेडपुढं तो प्रश्न दोन वाक्यांत मिटलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

तिच्यामागून आणखी आल्या. एका पोरानं बापाची जागा घेतली, एका बहिणीनं भावाची.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं, “बाई, त्या दिवशी देवासाठी उभी राहिलीस का गं?” ती म्हणाली, “न्हाई गुरुजी. मला देव नव्हता पायजे. त्यांच्या जागंवर दुसरं कुणी येऊन उभं ऱ्हाऊ नये, एवढंच पायजे हुतं.” मग देव कधी आला? ती थोडा वेळ थांबली. म्हणाली, “घरच्या माणसाशी अबोला धरतो का न्हाई, तसा धरला हुता मी. वरीसभर. एकदा पावसात चूल पेटंना. फुंकून फुंकून डोळे गेले. तवा तोंडातनं निघालं, ‘इट्टला, आता तूच पेटीव रं बाबा.’ आन मंग ध्यानात आलं की अबोला सुटला.” आता ती दर आषाढीला पंढरपूरला जाते. ती झोळीतली मुलगी शिकली, लातूरला नर्स आहे. ती हरिपाठाला येत नाही. आईनं कधी आग्रहही केला नाही.

आबांचं आणखी एक सांगायचं राहिलं. तेरणेकाठचंच तेर, गोरोबाकाकांचं गाव. नामस्मरणाच्या नादात पायाखाली लेकरू तुडवलं गेलं आणि पुढं पांडुरंगानं ते परत दिलं, ही कथा आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. आबा ती फार रंगवून सांगायचे. भूकंपानंतर त्यांनी ती एकदाही सांगितली नाही. त्याऐवजी चोखोबांची सांगायचे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत पडली, तिच्याखाली मजूर गाडले गेले, त्यांत चोखामेळा. नामदेवराय हाडं शोधायला गेले. एवढ्या हाडांत चोखोबांची कोणती? तर ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती. तीच आणून पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी दिली. या कथेत कुणी परत येत नाही. कुणीतरी ढिगाऱ्याला कान लावून बसतं. आपल्या गावांत मातीखालून काढलेली माणसं हातातल्या कड्यावरून, लुगड्याच्या काठावरून ओळखली होती. त्यामुळं आबा ही कथा सांगायचे तेव्हा ती कुणाला जुनी वाटत नसे. कान लावून बसलेले नामदेवराय सगळ्यांनी पाहिलेलेच होते.

नंतर नवं गाव झालं. जमिनीच्या हिशेबानं घरं मिळाली, कुणाला २५० चौरस फूट, कुणाला ४००, कुणाला ७५०. भिंती पक्क्या, रस्ते सरळ आणि रुंद. जीव वाचवणारी घरं आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. पण गल्ली गेली. ओट्यावरून हाक मारली तर समोरच्या ओट्यावर पोहोचेना. शेजार पांगला. दिवसाकाठी सगळं गाव एकत्र येतं ते हरिपाठालाच. म्हणून मला एक गोष्ट खटकते, ती बोलतोच. सप्ताहाला आता लांबून मोठ्या बिदागीचे कीर्तनकार येतात, भिंतीएवढे साउंड बॉक्स लागतात, आणि गावचा टाळकरी खुर्ची टाकून ऐकत बसतो. अहो, टाळ आपल्या हातात असू द्या. बेसूर असला तरी चालेल. त्या बाईचा बेसूरच होता.

आबा आता नाहीत. वीणा दुसऱ्याकडं आहे.

दरवर्षी ३० सप्टेंबरला मी किल्लारीच्या स्मृतिस्तंभाला नमस्कार करून त्या गावाला जातो. संध्याकाळी हरिपाठाला थांबतो. मागच्या खेपेला गुडघे बरे होते, म्हटलं आज बसायचं नाही, आपणही उभं राहू. कुणीतरी टाळ दिला. उजव्या रांगेत दोन माणसांच्या मधे मोकळी जागा दिसली, तिथं जाऊन उभा राहिलो. बाजूला चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा होता. भूकंप त्याच्या बापानं पाहिला असेल-नसेल. त्यानं हळूच माझी बाही ओढली आणि म्हणाला, “गुरुजी, तितं नगा. ती जागा हाय एकाची. हिकडं या, माझ्यापशी.”

मी त्याच्यापाशी सरकलो. वीणा लागली.