देह सापडला नाही, तर?

(मृतांच्या स्मरणदिनानिमित्त वसईत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधुभगिनींनो, दोन नोव्हेंबरला आपण ख्रिस्ती माणसं कबरस्तानात जातो. कबर धुतो, फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो. पण ज्या घरातला माणूस बोटीवर गेला आणि परत आलाच नाही, त्या घराने मेणबत्ती कुठे लावायची? पाचूबंदर, उत्तनसारख्या कोळीवाड्यांतल्या माणसांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, तेव्हा रत्नागिरीकडचे कितीतरी खलाशी बेपत्ता झाले. सात वर्षं काही खबर लागली नाही, की कायदा अशा माणसाला मृत धरतो. ती सात वर्षं त्याच्या बायकोने स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, हे मात्र कायदा सांगत नाही. आज ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचं पत्र मला अशा घरांत बसून वाचायचं आहे.

थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र हे. इ.स. ५० च्या आसपासचं, म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी. पौलाला त्या शहरात फार राहताच आलं नव्हतं. तीन शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचे विसाव्याचे दिवस, तो त्यांच्या सभास्थानात बोलला, असं नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगतं. मग दंगल उसळली, जमाव पौलाला आसरा देणाऱ्या यासोनाच्या घरावर चालून गेला आणि बंधूंनी पौल व त्याचा सोबती सीला यांना रातोरात बिरुया या गावी रवाना केलं. शिकवण अर्धी राहिली. प्रभू पुन्हा येणार, एवढं मात्र मागे राहिलेल्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. पुढे त्यांच्यातली काही माणसं वारली आणि पंचाईत झाली. प्रभू येईल तेव्हा आपण त्याला पाहू. पण जे आधीच गेले, ते त्या दिवसाला मुकले का?

'मेल्यावर काय होतं' असं त्यांनी विचारलेलंच नाही. आपली माणसं मागे राहतील, ही त्यांची धास्ती. म्हणून चौथ्या अध्यायातलं उत्तरही तेवढंच नेमकं आहे: जिवंत असलेले मेलेल्यांच्या पुढे जाणार नाहीत. ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग उरलेले आपण त्यांच्यासह प्रभूला सामोरे जाऊ. येशू मरण पावला आणि पुन्हा उठला, या एका गोष्टीवर पौलाने हे सगळं उभं केलंय. मेलेला माणूस किती पुण्यवान होता, त्याला नीट पुरलं की नाही, याची तो चौकशी करत नाही.

हे 'सामोरे जाणं' कसं, ते पाहा. त्या काळी राजा शहराला भेट द्यायचा, तेव्हा नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याला मानाने आत आणत. आपल्याकडे सीमांतपूजनाला वधूकडचे वराला सामोरे जातात, तसं. आणखी एक गोष्ट. रोमन काळात प्रेतं शहराच्या आत पुरत नसत. कबरी वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला असत. म्हणजे येणाऱ्याला आधी कबरीच लागणार! हे पौलाने लिहिलेलं नाही, माझं वाचन आहे. पण थेस्सलनीकातल्या माणसाला 'आधी मेलेले' हे शब्द ऐकून तो रस्ता आठवला असेल, असं मला वाटतं.

आता कबर नसलेल्यांकडे वळू. इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योन शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. देहच उरला नाही तर ही माणसं उठतील कशी, हा त्यामागचा हिशेब. मंडळीचा विश्वास त्याने बुडाला नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात समुद्र आपल्यातले मृत बाहेर देतो. तिथे न्यायाचा प्रसंग आहे, नुसतं सांत्वन म्हणून ते वाक्य उचलू नये. तरी देवाच्या हिशेबातून समुद्राने कुणाला लपवलेलं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, तेव्हाही राखेने पुनरुत्थान अडत नाही हेच गृहीत होतं.

तोपर्यंत आत्मा कुठे असतो, स्वर्गाआधी आत्मे शुद्ध होतात ते शुद्धिस्थान आहे की नाही, यावर आपण कॅथलिक आणि आपले प्रॉटेस्टंट बंधू चारशे-पाचशे वर्षं भांडतो आहोत. आज नको. आणि प्रभू येताना जो कर्णा वाजेल असं पौल लिहितो, तो कोणत्या साली वाजेल याची गणितं मांडणाऱ्यांनी त्याच पत्राचा पुढचा अध्याय वाचावा. तो दिवस चोरासारखा येणार आहे.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. दर्यात नवरा गमावलेल्या बाईला, "रडू नकोस, विश्वास कमी पडतो तुझा," असं सांगणारे आपल्यातच आहेत. पौल रडू नका म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, म्हणतो. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, उठवायलाच येशू बेथानी गावी आला होता, तरी कबरीकडे जाताना रडला. लाजराची बहीण मार्था हिने "तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता" असं तोंडावर सुनावलं, तेही त्याने ऐकून घेतलं.

देह मिळाला नाही तर अंत्यविधी कसा करायचा, असं मला विचारतात. देह समोर नसतानाही मृतासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायला परवानगी आहे. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तर दर्यात सोडलेल्या देहासाठी वेगळी प्रार्थना आहे: समुद्र आपले मृत परत देईल, त्या दिवसाच्या पुनरुत्थानाची वाट पाहत हा देह खोल पाण्याच्या स्वाधीन करतो, अशा अर्थाची. ती आपल्या कोळीवाड्यात घरी बसून वाचायला कुणाची हरकत नसावी. मिस्साचं तुमच्या फादरांशी बोला. सात वर्षं थांबायचं कारण नाही.