आकडा खोटा की गारवा खोटा?

श्रोतेहो, नमस्कार.

तापमानाचा कंट्रोलर बिघडला म्हणून आपण नवा आणतो, जोडतो, आणि तोही तेच चुकीचं तापमान दाखवतो. मग शिव्या खातो तो नवा कंट्रोलर. खरं तर तो सांगकाम्या आहे. सेन्सर जे सांगेल ते खरं मानायचं आणि हीटर किंवा काँप्रेसर चालू-बंद करायचा, एवढंच त्याचं काम. म्हणून चौकशी सेन्सरपासून सुरू करावी.

माझ्याकडच्या एका थंड कपाटानं मला आठवडाभर खेळवलं होतं. दार बंद असलं की आकडा 4 अंश, दार उघडलं की पडद्यावर एरर. बाहेरची गरम हवा आत शिरत असेल, अशी मी माझी समजूत घातली. पण गरम हवेनं आकडा चढेल, एरर कशाला येईल? कारण बिजागरीपाशी सापडलं. सेन्सरची वायर तिथं रोज दुमडत होती. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. दार लागलं की टोकं टेकायची, उघडलं की सुटायची.

अशी शंका आली की आधी वीज बंद करा. सेन्सरच्या दोन्ही वायरी कंट्रोलरमधून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजा. थंडीच्या यंत्रांत बहुधा थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमानाबरोबर ज्याचा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात तो) बदलतो असा सेन्सर. त्यातला नेहमीचा प्रकार 25 अंशांना 10 हजार ओहम दाखवतो, आणि गारवा वाढला की त्याचा रोध वाढतो. मोजताना वायर हलवून, वाकवून बघा. आकडा उड्या मारू लागला, की चोर सापडला.

आता बर्फ. बर्फाचा चुरा पेल्यात भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा. पाण्यात चार खडे तरंगत असतील तर ती चाचणी नव्हे, ते सरबत! प्रोब, म्हणजे सेन्सरचं टोक, मधोमध धरा, काचेला टेकू देऊ नका, आणि पाचेक मिनिटं थांबा. तिथं 0 अंश असतात. थर्मिस्टरच्या जातीनुसार आता साधारण 27 ते 33 हजार ओहम दिसायला हवेत. उकळत्या पाण्यावर माझा तेवढा भरवसा नाही. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर वर गेलं की उकळण्याचं तापमान जवळपास एका अंशानं उतरतं.

बर्फात रोध कमी भरला, तर प्रोबमध्ये ओल शिरल्याचा संशय घ्या. पाणी मुरलं की विजेला एक चोरवाट मिळते. 33 हजारांच्या जोडीला 1 लाख ओहमची गळती लागली, तरी रोध 25 हजारांखाली येतो. कंट्रोलरला वाटतं पाच-सहा अंश आहेत, आणि काँप्रेसर चालतच राहतो. आत सगळं गोठतं, पडद्यावर मात्र सगळं आलबेल.

भट्टीकडे वेगळी माणसं कामाला असतात. पीटी 100 हा सेन्सर 0 अंशांना 100 ओहम आणि 100 अंशांना 138.5 ओहम दाखवतो. म्हणजे सैल स्क्रूनं 1 ओहम वाढवला, तर आकडा अडीच अंशांहून जास्त चढतो. दुसरा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर. त्याच्या वायरी उलट्या जोडल्या, तर भट्टी तापताना आकडा उतरतो. मग कंट्रोलर हीटर बंद करायचं नावच घेत नाही.

सेन्सर निर्दोष ठरला, तरच रिलेकडे, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचकडे वळा. कंट्रोलरवरचा दिवा विझला, ‘टक्’ आवाजही आला, तरीही हीटर तापतोच आहे? मग रिलेचे संपर्क आत चिकटलेले असू शकतात. हलते भाग नसलेला सॉलिड स्टेट रिले तर टक् सुद्धा करत नाही, आणि बिघडला की बहुतेक वेळा चालू स्थितीतच अडकतो. अशा हीटरच्या वाटेवर कंट्रोलरशी काही संबंध नसलेला, फार तापलं की वीज तोडणारा स्वतंत्र कटआउट बसवलेला हवा.