लोडर मागून बांधायचा असतो

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मिनी ट्रॅक्टरच्या लोडरचं हायड्रोलिक’. त्यावर येतोच. पण एक गोष्ट फार दिवस मनात साठलीय, ती आधी बोलू द्या. लोडर म्हणजे ट्रॅक्टरला लावलेल्या, खत-माती उचलणाऱ्या भुजा आणि बकेट. तो दिसतो पुढं, पण बांधायचा असतो मागून.

इथं बहुतेकांच्या द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबर छाटणीआधी शेणखत भरायचं, ओळीत मोठं मशीन शिरत नाही, माणसं मिळत नाहीत, घमेल्यानं ट्रॉली भरण्यात सकाळ जाते. मग आपण भंगारातून लोखंडी चॅनल आणतो, वेल्डरला मोबाइलवरचा फोटो दाखवतो आणि पहिलंच वाक्य बोलतो, “बकेट जरा मोठं करा.” माझं भांडण या वाक्याशी आहे. “मागं वजन किती लागेल?” असं विचारत आलेला माणूस मला अजून भेटायचाय. हसू नका, तुमच्यातल्या दोघांचे ट्रॅक्टर आत्ता माझ्याच शेडात उभे आहेत!

मी पहिला लोडर केला तो थोरल्या भावाच्या १५ एचपीच्या ट्रॅक्टरवर. भुजा पेलणारे दोन्ही खांब इंजिनामागच्या क्लचच्या घराला बोल्टांनी आवळले. काम देखणं झालं होतं. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घरं एकमेकांना जोडलेली असतात, तीच त्याची पाठ. आणि बीड दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. पंधरा दिवस खत भरलं. एका सकाळी अंगण झाडताना वहिनी म्हणाल्या, “भावजी, ट्रॅक्टरखाली तेल पडलंय.” पुसलं, परत ओल आली. मग घर धुऊन रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडू चोळला. पांढऱ्यावर हळूहळू एक काळसर रेघ उमटली. बोल्टाच्या भोकातून निघालेली, केसाएवढी बारीक, करंगळीएवढी लांब. ते घर बदलायला ट्रॅक्टर मधोमध उकलावा लागला. छाटणी तोंडावर होती. भाऊ एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी हिशेब मांडला. पुढच्या-मागच्या चाकांत दीड मीटर अंतर. बकेट पुढच्या ॲक्सलच्या एक मीटर पुढं, त्यात २०० किलो. पुढच्या ॲक्सलवर किती वाढले? २०० नाही, ३३३. जास्तीचे १३३ आले मागच्या चाकांवरून. म्हणजे जिथं ओढ आणि ब्रेक, तिथलंच वजन गेलं. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, तो आडवं पडताना सावरत नाही. सावरणारी मागची चाकं, आणि तीच हलकी झाली. आपले आजोबा बैलगाडी भरताना उलाळ होते का, म्हणजे मागं भार होऊन पुढून उचलते का, बघून पोती सरकवायचे. ट्रॅक्टर आला आणि ती नजर आपण सोडून दिली, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून आधी अर्धा ड्रम काँक्रीट ओता, २४० किलो होतं. ते मागच्या लिफ्टला, ॲक्सलपासून ७० सेंटिमीटरवर लावलं की पुढचे ११२ किलो उतरतात आणि मागं ३५२ चढतात. मग खालून चॅनलची फ्रेम मागच्या ॲक्सलच्या घरापर्यंत न्या, म्हणजे भार बिडाच्या पाठीवर न येता चॅनलवर येतो. हे झालं की खांब. बकेट सगळ्यात शेवटी.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा हायड्रोलिक भरभर सांगतो. भुजा उचलणारा ५० मिलिमीटर बोअरचा जॅक, तेलाचा चौरस सेंटिमीटरला १०० किलोचा दाब, म्हणजे जवळपास दोन टन जोर. दोन जॅक, चार टन. भुजेच्या तरफेत त्याचा सहावा हिस्सा उरला तरी साडेसहाशे किलो होतात. जोर कमी पडतच नाही, धोका तिथंच आहे. जास्तीचा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या पाठीला झेपेल इतकाच ठेवा, इंजिनाला झेपेल इतका नको.

दोन्ही जॅकना तेल एकाच टी मधून द्या. परतीची लाइन टाकीत सरळ जाऊ द्या. पाइपातून बारीक फवारा येतोय असं वाटलं तर हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाचं तेल कातडीत घुसतं आणि बोट जाऊ शकतं. भुजा वर असताना खाली शिरायचं झालं तर जॅकच्या बाहेर आलेल्या दांड्यावर चॅनलचा तुकडा लांबीनं बसवा, म्हणजे दांडा आत जाणार नाही. भरलेलं बकेट गुडघ्याखाली ठेवूनच चालवा.

ट्रॅक्टर बाहेर उभा आहे, ड्रम मुद्दाम काढून ठेवलाय. मी भरलेलं बकेट वीतभरच उचलतो, तुम्ही लांबून मागच्या टायरचं जमिनीजवळचं पोट किती कमी होतं ते बघा. मग ड्रम लावून परत उचलतो.