बारसं न झालेला

मंडळी, मघाशी दाराशी एका कॉलेजच्या मुलानं विचारलं, "सर, म्हणजे ते मानेत बोल्ट असलेलं भूत ना?" बोल्ट १९३१च्या हॉलिवूडच्या सिनेमातले. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीत ते शोधू नका, सापडायचे नाहीत. आणि 'फ्रँकेन्स्टाइन' हे त्या जीवाचं नावही नाही. ते त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचं आडनाव. जीवाचं बारसं कुणी केलंच नाही. मला आज बोलायचंय ते त्यावरच.

एप्रिल १८१५मध्ये आजच्या इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरननं एक बंगला भाड्यानं घेतला होता. बरोबर त्याचा डॉक्टर पोलिडोरी. शेजारी उतरलेले कवी शेली, मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर. पाऊस थांबेना. जर्मन भूतकथांचं फ्रेंच भाषांतर वाचून झालं, तेव्हा बायरन म्हणाला, आपण प्रत्येकानं एकेक भूतकथा लिहू. दोन्ही थोर कवींनी ती अर्धवट सोडली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. तडीला नेली ती अठरा वर्षांच्या मेरीनं. १ जानेवारी १८१८ला लंडनमध्ये पुस्तक निघालं, प्रती ५००, लेखिकेचं नाव नाही.

तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, बाळंतज्वरानं गेली. १८१५मध्ये मेरीची स्वतःची पहिली मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली आणि काही दिवसांत दगावली. त्यानंतरचं एक स्वप्न तिनं रोजनिशीत टिपून ठेवलंय: बाळ मेलंच नव्हतं, नुसतं गारठलं होतं; आम्ही शेकोटीपुढे त्याला चोळलं आणि ते जिवंत झालं. मृत देहांत विजेनं हालचाल घडवण्याचे प्रयोग तेव्हा चर्चेत होतेच, पण मला वाटतं, या कादंबरीची ठिणगी प्रयोगशाळेत नाही, त्या शेकोटीत आहे.

आता तो प्रसंग बघा. नोव्हेंबरची रात्र, काचांवर पाऊस, मेणबत्ती संपत आलेली. जवळपास दोन वर्षं राबून घडवलेला आठ फुटी देह पिवळट डोळा उघडतो. आणि व्हिक्टर पळून जातो. काम फसलं म्हणून पळाला असता तर समजू शकलो असतो. हा ते साधलं म्हणून पळतो! झोपतोसुद्धा. जाग येते तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा बाजूला करून उभा, ओठांवर हसू, एक हात पुढे केलेला. व्हिक्टर पुन्हा पळतो.

बहुतेक सिनेमांनी गाळलेला भाग पुस्तकाच्या मधोमध आहे, आणि तिथे तो जीव स्वतः बोलतो. एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपलाय. फळीच्या फटीतून त्याला एक आंधळा म्हातारा आणि त्याची मुलं दिसतात. आधी तो त्यांचं खाणं चोरतो. ती उपाशी राहतात हे लक्षात आल्यावर चोरी सोडून कंदमुळांवर भागवतो. रात्री रानातून सरपण आणून दाराशी रचतो. सकाळी ती माणसं थक्क! फटीतूनच तो बोलायला शिकतो. मग एके दिवशी, म्हातारा एकटा असताना, धीर करून आत जातो. दिसत नसल्यामुळे म्हातारा मायेनं बोलतो. तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीनं झोडपून काढतो. खून त्यानंतरचे.

पुस्तक हातात घ्याल तेव्हा सुरुवातीची वॉल्टनची पत्रं ओलांडून जाऊ नका. जरा संथ आहेत खरी, पण उत्तर ध्रुवाकडे निघालेला तो माणूस बहिणीला लिहितो, मला एक मित्र हवाय. नेमकं हेच मागणं पुढे तो जीव करतो.

१८२३मध्ये लंडनच्या रंगमंचावर याचं नाटक आलं. मेरी बघायला गेली. पात्रांच्या छापील यादीत त्या जीवाच्या नावाच्या जागी नुसती एक रेघ होती. तिला ते फार आवडलं.