चारशे छप्पन्न

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते बेळगाव शहर विधानसभा मतदारसंघाबद्दल. तो आता नाही. 2008 च्या मतदारसंघ फेररचनेत त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले. 1957 ला मात्र तो एकसंध होता. भाषावार प्रांतरचना होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे बा. रं. सुंठणकर इथनं म्हैसूरच्या, म्हणजे आताच्या कर्नाटकच्या, विधानसभेवर गेले. पुढं कितीतरी वर्षं समितीचा उमेदवार म्हणजे बेळगावचा आमदार, असंच समीकरण होतं. 1999 ला काँग्रेसचे रमेश कुडची आले. आपल्या समितीतल्या फाटाफुटीचं काय सांगायचं, तुमच्या गल्लीतच पाहिलीत ती तुम्ही.

पण खरी गोष्ट 1996 ची. निवडणूक लोकसभेची होती, पण मतदार तेच, गल्ल्या त्याच. सीमाप्रश्न दिल्लीच्या कानावर जावा म्हणून समितीनं कार्यकर्त्यांना ढिगानं अर्ज भरायला लावले. एका जागेला उमेदवार 456! चारशे छप्पन्न, बरं का!

आमची आज्जी सकाळीच मतदानाला गेली. अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. आईला वाटलं, चक्कर आली की काय. आत मास्तर पडद्याबाहेरनं विचारताहेत, "आजी, झालं का?" आज्जी आतनं म्हणते, "थांबा हो, छत्री सापडली, शिडी सापडली, अख्खा संसार सापडला, आपला माणूस तेवढा सापडेना!" शेवटी शिक्का मारला. मग घडीची पंचाईत. लुगड्याची घालतात तशी घडी घातली, तरी पेटीच्या फटीत जाईना. मास्तरांनी फूटपट्टीनं रेटून ती आत घातली. शाई दुसऱ्याच्या नावावर उमटली असेल, या काळजीनं आज्जी त्या रात्री जेवली नाही.

आताच्या यंत्राला ही चव नाही. बटण दाबा, पीं वाजलं, चला घरी. शिक्का मारताना हात जरा थरथरायचा, तो थरथरायलाच हवा, असं माझं आपलं मत.

निवडून आले जनता दलाचे शिवानंद कौजलगी. त्याच वर्षी लोकसभेला उभं राहायची अनामत रक्कम 500 वरनं थेट 10,000 रुपयांवर गेली. आज्जीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "बरं झालं. निदान पुढच्या खेपेला कागद तरी लहान असंल."